पासिंगचे टायर

दर शनिवारी सकाळी आमच्या जर्मनीतल्या घरासमोरून एक म्हातारा जर्मन त्याचा जुना ट्रक घेऊन जातो. पुढे लांब नाक, गोल दिवे, मागे लाकडी फळ्यांचा डाला. चढावर आला की काळा धूर सोडतो, सगळी गल्ली डिझेलच्या वासाने भरते, आणि फुटपाथवरची माणसं नाक दाबायचं सोडून त्याला हात हलवतात. एरवी याच गल्लीत कुणी गाडी जरा वेळ चालू ठेवून उभी केली तर शेजारीण खाली उतरून भांडते. त्या म्हाताऱ्याशी कुणी भांडत नाही, कारण त्याच्या नंबरप्लेटवर शेवटी एक अक्षर जास्तीचं आहे. ही गाडी जुनी आहे, जशी होती तशीच ठेवलेली आहे, म्हणून आजचे धुराचे नियम हिला लागू नाहीत, असा त्या अक्षराचा अर्थ. ते अक्षर दिसलं की माझं डोकं फिरतं. मुलगी म्हणते, "आई, खिडकी लाव ना." मी लावते, पण आपटून लावते.

असाच एक ट्रक आमच्याकडे होता. म्हणजे अजून आहे, पण जो होता तो नाही राहिला.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेला आमचं घर, आणि घराच्या बाजूला मोकळा प्लॉट. तिथे कडुनिंबाखाली तो ट्रक उभा असायचा. बाबांनी तो घेतला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. आमचं घराणं शेतकऱ्याचं, पण बाबांनी वाटणीची जमीन धाकट्या भावाला करायला दिली आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. त्या ट्रकमधून आष्टीकडची संत्री गेली, हिंगणघाटला कापूस गेला, गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाणारी माणसं गेली. माझी आई लग्न होऊन सासरी आली तीसुद्धा त्याच्याच केबिनमध्ये बसून. पुढे आई वारली, बाबांचं वय झालं आणि ट्रक भाड्याने जायचा बंद झाला. तरी रोज सकाळी बाबा तो चालू करायचे, जागच्या जागी थोडा वेळ घुरघुरू द्यायचे आणि बंद करायचे. त्या धुराने माझे दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. मी ओरडले की म्हणायचे, "मांगच्या अंगनात वाळू घालत जाय ना."

मी नर्स आहे. वर्ध्याच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली. नवरा मशीनचं काम करणारा. त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि तो पुढे गेला. मुलीची शाळा बुडू नये म्हणून तीही त्याच्याबरोबर गेली. माझी नोकरीसुद्धा तिकडे ठरली होती. भाषेची परीक्षा मी नाइट ड्युट्या करत करत पास केली होती. अडलं होतं ते बाबांवर. मी एकुलती एक. बाबांना एकटं टाकून मी कुठे जाणार नाही, हे नवऱ्याला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे बाबा आले तर मी जाणार, नाही आले तर मुलगी तिकडे आणि मी इकडे.

मी विचारलं, "बाबा, येता ना तुम्ही?"

ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले. मग म्हणाले, "गाडी येत असंन तं येतो."

मला आधी हसू आलं. मग कळलं की माणूस मस्करी करत नाहीये. मग राग आला. म्हातारपणी लोक देव मागतात, औषध मागतात, हा ट्रक मागतो! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढून समोर ठेवायची आणि आत जायची. त्यांनी ताटाकडेही बघितलं आणि माझ्याकडेही बघितलं, पण शब्द मागे घेतला नाही. शेवटी मीच नवऱ्याला फोन केला. त्याने मला वेड्यात काढलं नाही हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "लोक इथं जुन्या गाड्या जहाजातून मागवतात. येईन ती. फक्त धुराचं काय ते विचारून पाहतो. थांब जरा." थांब या शब्दाने माझं आजवर कधी भलं झालेलं नाही, म्हणून मी थांबले नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ट्रकला ठरावीक काळाने पासिंग लागतं. गाडी साहेबाला दाखवायची, ब्रेक, दिवे, टायर, धूर सगळं तपासून ती रस्त्यावर चालायला लायक आहे असा शिक्का घ्यायचा. आता आमच्या भागातल्या एकेकच ट्रक असणाऱ्यांकडे सगळ्याच वस्तू एका वेळी चांगल्या कुठून असणार? म्हणून सगळ्यांमध्ये मिळून टायरांचा एक चांगला संच होता. ज्याचं पासिंग असेल त्याने ते टायर न्यायचे, गाडीला चढवायचे, शिक्का घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. त्यांना नावच होतं, पासिंगचे टायर. आरसे, वायपर, मागचे लाल दिवे, तेही तसेच फिरायचे. हा सगळा संसार आमच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली असायचा आणि बाबा त्याचे राखणदार.

बाबा नुसते राखणदार नव्हते, ते यातले पुढारी होते. कुणाचंही पासिंग असलं की आदल्या दिवशी गाडी आमच्याकडे यायची. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, सायलेन्सरच्या तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा धरायचे आणि कापड किती काळं झालं ते बघून सांगायचे, स्क्रू आवळा. डिझेल पंपाचा एक स्क्रू असतो. तो आवळला की इंजिनला डिझेल कमी जातं. मग गाडीत काडीची ताकद राहत नाही, रिकामीसुद्धा चढ चढत नाही, पण धूर सोडत नाही. साहेबासमोर ती गरीब गायीसारखी उभी राहते. शिक्का मिळाला की पहिल्याच ढाब्यावर थांबून स्क्रू पुन्हा ढिला. आमच्या अख्ख्या गोतावळ्याला पासिंग म्हणजे हेच माहीत. जे जुनं, झिजलेलं, आपलं आहे ते त्या एका दिवसापुरतं झाकायचं आणि जे चकचकीत आहे ते पुढे करायचं. बाबांची स्वतःची गाडी उभ्या आयुष्यात पासिंगला एकदाही फेल झाली नाही, हे ते पाहुण्यांनाही सांगायचे.

तेव्हा जर्मनीचं नाव निघालं आणि आम्ही सगळे तेच समजलो. मोठं पासिंग.

नागपूरला एक एजंट होता, परदेशी सामान पाठवणारा. सुगंधी माणूस, समोर फोन ठेवून दर वाक्याला त्याच्याकडे बघायचा. मी ट्रकचे फोटो दाखवले तर तो हसला. म्हणाला, "म्याडम, तिकडे धूर बिल्कुल नाई चालत. युरो सिक्स पाहिजे. ये इंजन तो भूल ही जाव."

मी विचारलं, "नियम पाह्यला का तुम्ही?"

"रोजचं काम आहे म्याडम आपलं."

आजही तो माणूस समोर आला तर त्याचा तो फोन मी त्याला खायला लावीन. त्याने कधी एक जुनी सायकलसुद्धा परदेशी पाठवली नसेल. पण त्या दिवशी मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो जे बोलला ते आपल्या अनुभवाशी जुळत होतं. नियम म्हटला की तो आपल्या विरुद्धच असणार.

परत येताना बसमध्ये मी नुसती धुमसत होते. धूर वाईट हे मला कुणी शिकवू नये. मी छातीच्या वॉर्डात काम केलं आहे. जिनिंगमध्ये कापसाची धूळ गिळून आलेल्या बाया श्वासासाठी उशीला कवटाळून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी कुठला नियम आला नाही, कुणी त्यांच्या तोंडासमोर मशीन धरलं नाही. आणि माझ्या बापाचा एक ट्रक, जो तिकडे जाऊन आठवड्यातून फार तर एकदा गल्लीत फिरणार, त्याच्यासाठी मात्र सगळं जग डोळ्यात तेल घालून बसलं आहे, असं मला वाटत होतं. घरी आल्यावर मी हे सगळं बाबांना मोठ्या आवाजात ऐकवलं. नवऱ्यालाही फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, मी विचारून राह्यलो ना इथं." मी म्हटलं, तू विचारतच बस, आणि फोन कापला. ट्रकचं नाव काढलं की आमचं भांडण व्हायचं, म्हणून पुढे त्याने माझ्यापाशी ते नाव काढणंच सोडलं.

थोड्या दिवसांनी मी ड्युटीवरून आले तर बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जावायाचा फोन आलता."

"काय म्हने?"

"काई नाई. म्हने, इंजिनाचं काम लवकर करून घ्या."

मी लगेच चुलत भावाला बोलावलं. हा काकांचा मुलगा, नागपूर रोडवर त्याचं गॅरेज. हात चांगला आहे त्याचा, पण तोंड जास्त. अपघातात समोरून चेपलेला एक नव्या मॉडेलचा ट्रक त्याच्या पाहण्यात होता. केबिन गेलं होतं, पण इंजिन शाबूत. ते काढून आमच्या ट्रकमध्ये बसवायचं ठरलं. बसवायचं म्हणजे सोपं नव्हतं. ते इंजिन आमच्या ट्रकच्या नाकात मावेना. इंजिनाची बैठक कापावी लागली, नवी वेल्ड करावी लागली. जिथे बाबांची पाण्याची कळशी असायची तिथे वायरींचा डबा बसला. आणि वर धूर मारायला युरियाच्या पाण्याची एक वेगळी टाकी. ती पाहून काका शेतातून मुद्दाम आले. म्हणाले, "आमच्या कपाशीले युरिया भेटून नाई राह्यला अन् तुमची गाडी युरिया पेते?" सगळे हसले. बाबाही हसले.

जुनं इंजिन साखळीने वर उचललं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी त्या दिवशी सुटी घेतली होती, कारण बाबांना ते पाहवणार नाही, त्यांचं बीपी चढेल, अशी मला भीती होती. बाबा बाजेवर बसून होते. एक बोल्ट खुलेना म्हणून चुलत भाऊ घन घ्यायला गेला तर बाबा उठले. "थांब बे. तो तसा नाई खुलत," म्हणाले, आणि पाना घेऊन स्वतः खाली वाकले. त्या वयात, गुडघे टेकून. बोल्ट त्यांनीच काढला. इंजिन वर आलं, हवेत जरासं फिरलं, खालून तेल ठिबकलं. त्यावर दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचा जाड थर होता. बाबांनी हात कापडाला पुसले आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसले. मला वाटलं, माझ्यासाठी करतायत बिचारे. माझे डोळे भरून आले, आणि त्या रडण्याचाही मला राग आला. मी सगळ्या नियमवाल्यांच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

काम झाल्यावर आम्ही ट्रक धुराच्या तपासणीला नेला. तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा बघितला, मग मशीनला दोन चापटा मारल्या. त्याला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा नळी घातली. धूर नाहीच. "काका, हे काय केलं तुम्ही?" तो बाबांना म्हणाला. चुलत भाऊ छाती फुगवून उभा. मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. बाबांनी समोसा खाल्ला, पण घरी येताना स्टिअरिंगवर बसले नाहीत. "तूच चालव," चुलत भावाला म्हणाले. "हिचा आवाजच येऊन नाई राह्यला. मले कसं समजन गिअर कवा टाकाचा?"

रंगरंगोटी झाली. ताडपत्रीखालचे पासिंगचे टायर चढले, आरसे चढले. आता नवरीसारखा दिसणाऱ्या त्या ट्रकचे मी फोटो काढले, समोरून, बाजूने, बॉनेट उघडून, आणि नवऱ्याला पाठवले. नवऱ्याला मी आतापर्यंत एवढंच सांगितलं होतं की गॅरेजमध्ये काम चालू आहे. त्याने ते साफसफाई आणि रंग एवढंच धरलं होतं.

त्याचा फोन लगेच आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "हे इंजिन कोनतं होय?"

मी अभिमानाने सांगितलं.

त्याने ते नाव माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाला, "संपलं. आता नाई येत ती गाडी."

आणि मग त्याने मला ते सांगितलं जे आता मी दर शनिवारी खिडकीतून बघते. तिकडे इतकी जुनी गाडी जशीच्या तशी असेल तर तिला धुराचे नियम माफ असतात. फक्त एक अट, ती खरोखर जुनी असली पाहिजे. इंजिनसुद्धा तिच्याच काळातलं पाहिजे. तिकडच्या तपासणाऱ्या साहेबाने आमच्या ट्रकचे जुने फोटो बघून स्वतः विचारलं होतं, हे सगळं मूळचंच आहे ना? मग याला हात लावू नका, असाच आणा. आता नवं इंजिन टाकल्यावर तो धड जुनाही नाही आणि धड नवाही नाही. नवा म्हणून पास व्हायचा तर त्याचे ब्रेक, केबिन, चॅसिस सगळंच आजच्या नियमात बसवावं लागणार, आणि ते ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

मी किंचाळले. "मंग हे आता सांगून राह्यला तू मले?"

"आता?" तोही ओरडला. पहिल्यांदा. "मी तवाच फोन केलता. तुह्याशी गाडीवर बोलाची सोय होती का? म्हनून बाबाले सांगतलं. दोनदा सांगतलं. इंजिनले हात नका लावू. ते म्हनले, हो, सांगतो तिले."

मला ते खोटं वाटलं. म्हणजे, खोटं असावं असं वाटलं. बाबांना ऐकू कमी आलं असेल, फोनवर खरखर असेल, उलटं समजलं असेल. म्हाताऱ्या माणसाला सांगतात का असल्या गोष्टी! फोन ठेवून मी तशीच गॅरेजवर गेले. डोक्यात एकच होतं, जुनं इंजिन परत बसवायचं. वेल्डिंग कापा, बैठक पुन्हा बनवा, काय वाट्टेल ते करा.

"कुठी हाय ते इंजिन?"

चुलत भाऊ हात पुसत उभा राहिला. "ते तं गेलं ना ताई. भंगारात."

"कोनाले विचारून देल्लं?"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याची आई माझी काकू लागते हे विसरून बोलले. समोरचा चहावाला दुकान सोडून बघायला आला. चुलत भाऊ सगळं ऐकत होता, आणि नेहमी दहा उत्तरं देणारा हा माणूस खाली मान घालून उभा होता, त्याने मी आणखी भडकले. शेवटी तो म्हणाला, "ताई, मी ठेवलं होतं. झाकून ठेवलं होतं. तुमचे बाबाच आलते अठी. म्हने, आजच्या आज देऊन टाक. मी म्हनलं राहू द्या, तं म्हने, ठेवू नको. तुकडे होयेपरेंत उभे होते ते तठी."

मी ऑटो करून घरी आले. ऑटोवाल्याला वाटलं माझ्या घरी कुणीतरी गेलं.

बाबा ट्रकच्या पायरीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जावायाचा फोन आलता तवा काय म्हनला तो?"

त्यांनी वर पाहिलं. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "म्हने, इंजिनले हात नका लावू. हाय तशी पाठवा."

"तुमाले बराबर आयकू आलतं?"

"आलतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"मले नाई याचं, माय."

मी इतक्या जोरात बोलले की निंबावरचे कावळे उडाले. "मंग तसं सांगाचं ना! तोंड नोतं का तुमाले? याचं नाई, एवढं म्हनाचं होतं!"

"म्हनलं असतं तं तू गेली असती?"

मी पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

"नाई गेली असती," ते म्हणाले. "तुह्या मायवर गेली तू. पोरीले तठी ठेवून अठी माह्या उशापाशी बसली असती, अन् रोज मले बोल लावला असता. तिकडचे लोक गाडीले नाई म्हनते असं झालं, का तू नियमाच्या नावानं बोंबलशीन, एजंटच्या नावानं बोंबलशीन, गाडीसाठी अडून बसलो म्हनून माह्या नावानं बोंबलशीन, अन् रागारागात बॅग उचलशीन. तुहा सोभाव मले मालूम हाय. रागात तू थांबत नाई."

"अन् याचं काऊन नाई तुमाले? काय ठेवलं हाय अठी?"

त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं. "जावाई म्हने, तिकडं जुन्या गाडीले लय मान हाय. तिले माल भराले नाई लावत. पुसून पासून ठेवाची, सुटीच्या दिवशी हिंडवून आनाची, लोक पाह्यते. म्या म्हनलं, आपली बी तशीच गत होईन. अठी कोनाचं पासिंग असलं का लोक मले आवाज देते. तठी मले कोन आवाज देईन?"

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला की हातातली पर्स मी ट्रकच्या त्या नव्या रंगावर फेकून मारली. चरा पडला. गाडीच्या पायी आई कित्येक दिवस एकटी राहायची ते मी पाहिलं होतं. ज्या गाडीच्या इंजिनला हा माणूस दसऱ्याला पाया पडायचा, तिचे तुकडे होईपर्यंत हा तिथे उभा राहिला, आणि घरी येऊन माझ्या हातची भाकर खाल्ली, आणि मला कळू दिलं नाही. कुणी सांगितलं होतं एवढं प्रेम करायला? माझा निर्णय मला घेऊ द्यायचा होता. चुकला असता तर माझा चुकला असता. लहान पोरीला औषध साखरेत घालून देतात तसं त्यांनी मला माझ्याच रागात घालून पाठवायचं ठरवलं होतं.

"मी जानार नाई," मी म्हणाले. "आता तं मुळीच नाई."

"पाह्य," ते म्हणाले, आणि पर्स उचलून, झटकून माझ्या हातात दिली.

त्या रात्री मुलीचा फोन आला. शाळेत कुणाच्या तरी आईने डबा आणून दिला, हे ती मला हसत हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि बॅग भरायला काढली. भरताना मी प्रत्येक कपडा आपटत होते. पलीकडच्या खोलीत बाबा जागे होते.

मी गेले. काका-काकू आमच्या घरी राहायला आले, खालच्या दोन खोल्यांत. नागपूर विमानतळावर बाबा आले होते. मी पाया पडले नाही. चुलत भावाने डोळ्यांनी खुणावलं तरी पडले नाही. बाबांनी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो झटकला नाही, एवढंच.

ट्रक तिथेच निंबाखाली आहे. काकू फोनवर सांगते की बाबा तो आता चालू करत नाहीत. बहुतेक वेळा तो विटांवर उभा असतो, कारण पासिंगचे टायर कुणी ना कुणी नेलेले असतात. ते इंजिन तर कुठल्या तरी भट्टीत वितळून गेलं असेल. उभ्या आयुष्यात गाडी एकदाही फेल होऊ न देणाऱ्या माणसाने ती एकदाच फेल होऊ दिली, आणि तेही कुणाला सांगितलं नाही. पाहुणे आले की अजूनही ते म्हणतात म्हणे, आपली गाडी कधीच फेल झाली नाई.

दर रविवारी मी फोन करते. मुलगी आधी बोलते, नवरा बोलतो, मग मी. औषध घेतलं का, पाय सुजतात का, पाणी तापवून पिता का, हे मी त्यांना पोलिसासारखं विचारते. ते सगळ्याला हो म्हणतात. शेवटी दर वेळी ते मला एकच विचारतात.

"राग गेला का तुहा?"

"नाई," मी म्हणते.

"बरं हाय," ते म्हणतात. "राहू दे."